बरं नव्हतं म्हणून

पत्रात दोनच ओळी होत्या. ‘प्रिय अश्लेषा, आता बरी आहेस ना? काळजी घे.’ खाली ह्यूस्टनच्या कुणा व्यंकटेश मूर्तींचं नाव होतं. सुचेताने ते वाचलं आणि माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. पत्र इंग्रजीत होतं, पण वाचता वाचता तिच्या मनाने ते मराठीत करून घेतलं होतं, तेही निपाणीच्या घरातल्या मराठीत, उंबऱ्यापाशी चपला काढताना शेजारणी विचारायच्या त्या आवाजात. बरी हाय न्हवं आता? मंगळवारची सकाळ होती. जे. पी. नगरातल्या प्लायवूडच्या दुकानावर कंपनीच्या दोन खोल्या होत्या, खालून लाकूड कापल्याचा वास जिन्याने वर येत होता, आणि टेबलावरचा मोडेम आपली शीळ संपवून गप्प झाला होता. दचकण्यासारखं खरं तर काही नव्हतं. सोमवारी तिनेच चार हजार लोकांना एक पत्र पाठवलं होतं आणि त्याची पहिली ओळ तिनेच लिहिली होती: ‘मला मध्ये बरं नव्हतं, म्हणून पत्राला उशीर झाला.’ पत्र वाचून एखाद्याने प्रकृती विचारली तर त्यात त्याचं काय चुकलं? तिने यादी खाली सरकवली. एकसष्ट उत्तरं आली होती. सगळी अश्लेषाला. आणि अश्लेषा, सुचेताची धाकटी बहीण, आठ वर्षांपूर्वी, पंधराव्या वर्षी गेली होती.

नाव तोंडातून कसं निसटलं हे तिला नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही. कंपनी नवी होती. अमेरिकेत गेलेल्या मुलांनी इंटरनेटवरून ऑर्डर द्यायची आणि इथे त्यांच्या आईवडिलांच्या दारात मिठाई, फुलं, साडी नेऊन पोचवायची, असा धंदा. चालवणारा राजस सबनीस मूळचा पुण्याचा, बत्तीस वर्षांचा, स्वतः चार वर्षं तिकडे राहून परत आलेला. मुलाखतीत त्याने तिला विचारलं होतं, “तुम्हाला पत्रं लिहायला आवडतात?” ती म्हणाली, “कुणाला?” तो हसून म्हणाला, “सगळ्यांना. हेच काम आहे. याला अजून धड नाव नाही. कुणी इंटरनेट मार्केटिंग म्हणतं. पाच वर्षांनी लोक कॉलेजात शिकतील हे.” धारवाडला इंग्रजीत एम. ए. करून, बेळगावात शाळेत चार वर्षं व्याकरण शिकवून ती फेब्रुवारीत बेंगळूरुला आली होती, आणि बनशंकरीत राजलक्ष्मी नावाच्या बाईंच्या घरी एका खोलीत राहत होती. तिने हो म्हटलं. पहिल्या पत्राचा मसुदा राजसने वाचला आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. “कंपनीच्या नावाने आलेलं पत्र कोण उघडतं? इथे मुलगी हवी. जिवंत वाटली पाहिजे. फार मॉडर्न नको, काकूबाई पण नको.” सुचेताने खिडकीबाहेर पाहिलं, समोरच्या गच्चीवर कुणी पापड वाळत घालत होतं, आणि ती म्हणाली, “अश्लेषा.” राजसने दोनदा उच्चारून पाहिलं. “अनकॉमन आहे. लक्षात राहील. डन.” आठ वर्षांत ते नाव तिच्या घरात कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. वडील ‘धाकटी’ म्हणत, तेही क्वचित. आई काहीच म्हणत नसे. आणि इथे एक परका माणूस ते नाव खुर्ची मागेपुढे हलवत दोनदा घेऊन मोकळा झाला होता.

‘बरं नव्हतं’ ही ओळदेखील अशीच आली. राजसची पद्धत होती: यादीचे दोन भाग करायचे, दोघांना दोन वेगळी पत्रं पाठवून बघायची, ज्याला उत्तरं जास्त येतील ते पत्र खरं. आधीच्या आठवड्यात त्यांनी थोड्या लोकांवर हा प्रयोग केला होता. एका पत्रात सणाची सवलत होती, दुसऱ्यात आजारपण. आजारपणाला तिप्पट उत्तरं आली. “बघ,” राजस म्हणाला होता, “सवलत सगळेच देतात. आजारी कोण पडतं?” सुचेता हसली होती. हुशारी दाखवायला जागा मिळालेल्या माणसाचं हसू होतं ते, आणि तिला ते आवडलंही होतं. चार वर्षं मुलांच्या वह्यांत लाल शाईने चुका दाखवल्यावर, आपण लिहिलेली एक ओळ चार हजार घरांत जाते आणि उत्तरं घेऊन येते याची नशा वेगळी होती. आता त्या एकसष्ट उत्तरांसमोर बसताना तिला आठवलं की ही ओळ तिने शोधून काढलेली नव्हतीच. ती ओळ निळ्या अंतर्देशीय पत्रांत असायची. ‘अक्का, मला मध्ये बरं नव्हतं म्हणून उशीर झाला.’ दर आठवड्याच्या पत्राची हीच सुरुवात. अश्लेषाला नवव्या वर्षी सांधेतापाने धरलं, त्याने हृदयाची झडप खराब केली, आणि शाळा सुटून ती घरात बसली. पुढच्या खोलीतल्या खिडकीशी तिची खाट होती. वखारींच्या हंगामात सगळं गाव तंबाखूच्या खकाण्याने शिंकत असे, तेव्हा खिडकी लावून घ्यायची, एरवी उघडी. तिथून दिसेल ते ती लिहायची. मांजरीने कुठे पिल्लं घातली. समोरच्या अंबूबाईंनी नवऱ्यावर रुसून सकाळपासून दार कसं उघडलं नाही आणि मग दूधवाल्यासाठी कसं उघडावं लागलं. आज डब्यात काय होतं. ‘तू काय खाल्लंस?’ प्रत्येक पत्रात. धारवाडच्या होस्टेलमध्ये वीस वर्षांच्या सुचेताला त्या पत्रांची लाज वाटायची, कारण त्यांत काहीच नसायचं.

राजसने सांगितलं, सगळ्यांना उत्तरं दे. तिने दिली. मूर्तींना लिहिलं की आता बरी आहे, तुमच्या आईंना म्हैसूरला काही पाठवायचं असेल तर सांगा. त्यांनी पाठवलं. एकसष्टांतल्या तेवीस जणांनी पाठवलं. राजसने त्या दिवशी कॉफीबरोबर बदाम हलवा मागवला. दुसऱ्या पत्राला एकशे चाळीस उत्तरं आली, आणि मग रोजच येऊ लागली. माणसं अश्लेषाला काय काय लिहायची. आईच्या हातच्या सारूची, म्हणजे साराची, चव, वडिलांचा न बोलण्याचा स्वभाव, भावाने विकलेलं घर. कुणी वय विचारायचं. सुचेता लिहायची, तेवीस. तेवढंच झालं असतं. अश्लेषाला मांजर आवडतं का? आवडतं, तीन आहेत. दिवसभर काय करतेस? खिडकीत बसते. हे लिहिताना बोटं थांबत नसत, उलट सुचेताच्या स्वतःच्या नावाने काही लिहायचं म्हटलं की अडत. आधी तिला वाटलं, आपण बहिणीचा आवाज घेतलाय. मग हळूहळू वाटायला लागलं की घेतलेला नाही, तो आलाय. सकाळी कुलूप काढून ती आत येई तेव्हा खोली रात्रभर बंद राहिलेल्या खोलीसारखी कोंदट नसे, कुणी नुकतं उठून गेल्यासारखी असे. मोडेम फोन लावताना जो आवाज करतो, आधी टिपटिप, मग लांब घरघर, मग मध्येच अडकलेली शीळ, तो इतरांना हास्यास्पद वाटायचा. सुचेता त्या वेळी खिडकीशी जाऊन उभी राहायची. जिना चढून आल्यावर अशूची, म्हणजे अश्लेषाची, छाती तशीच वाजायची. घरघर, शीळ, आणि मग अचानक शांत, आणि त्या शांततेत आई हातातलं काम टाकून कान द्यायची. मोडेम शांत झाला की पत्रं यायला लागायची.

बनशंकरीच्या खोलीवर मात्र काही यायचं नाही. संध्याकाळी राजलक्ष्मीबाई ओसरीत शेवंतीच्या माळा करत बसायच्या, तिला पाहून विचारायच्या, “ऊट आयता?” म्हणजे जेवण झालं का. संध्याकाळचे सहा असले तरी हेच. ती म्हणायची, “आगबेकु,” व्हायचंय. एकदा त्यांनी विचारलं, कसलं काम करतेस? सुचेता म्हणाली, पत्रव्यवहाराचं. त्यांनी मान डोलावली. “चांगलं. बसून काम.” खोलीत आल्यावर ती दार लावून कॉटवर पडून राही आणि तेव्हा मनात सुनंदा यायची. सुचेताला तिला आठवायचं नसलं तरी ती यायची, होस्टेलमधल्या तिच्या पिवळ्या गाउनमध्ये, केसांचा बुचडा बांधलेली, हातात निळं पत्र घेतलेली. सुनंदा तिची खोलीतली सोबतीण, गदगची. तिला अशूची पत्रं फार आवडायची. “तू उत्तर का देत नाहीस गं?” “देईन.” “दोन महिने झाले. मी देऊ?” सुचेता आरशासमोर उभी होती, नाटकाच्या तालमीला जायची घाई होती, तिथे एक मुलगा होता. ती म्हणाली, “दे.” चेष्टेत म्हणाली होती की नाही, हे आता ठरवून काय उपयोग? सुनंदाने दिलं. सुनंदाचं मराठी बेताचं पण मनापासूनचं होतं, तिने सुचेतासारखं अक्षर काढून खाली ‘तुझी अक्का’ लिहिलं. आठ दिवसांत उत्तर आलं: ‘अक्का, किती मोठं पत्र लिहिलंस. मी चार वेळा वाचलं.’ मग ते चालूच राहिलं. वर्षभर. पुढे पुढे सुनंदाच पत्र उघडायची, सुनंदाच वाचायची, आणि सुचेताला जेवताना त्यातलं थोडं सांगायची, मांजराला पिल्लं झाली, अंबूबाई परत रुसल्या. सुट्टीत घरी गेल्यावर अशू म्हणायची, “तुझ्या पत्रातली ती गोष्ट सांग ना, मेसमधल्या पालीची,” आणि सुचेता सारवासारव करायची. ऑगस्टमध्ये तार आली. जाताना एस.टी.त खिडकीशी बसून तिला रडू येत नव्हतं, एकच गोष्ट डोक्यात फिरत होती की आता कुणाला कळणार नाही. तो सुटकेचा श्वास तिने घेतला होता. छातीत आत गेलेला तो श्वास अजून बाहेर आला नाही, असं तिला त्या कॉटवर वाटायचं.

सप्टेंबरात राजसने तिला आत बोलावलं. टेबलावर मोठा कागद पसरलेला होता, त्यावर एका मुलीचा चेहरा, गोल, किंचित हसरा, कानाशी मोगऱ्याचा गजरा. खाली कन्नड आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की या दिवाळीत अश्लेषा तुमच्या घरी जाऊन येईल. “बनशंकरीच्या सर्कलला होर्डिंग,” तो म्हणाला. “मुलं तिकडे पत्रं वाचतात, आईबाप इकडे चेहरा बघतील. कशी आहे?”

“ही कोण?”

“मॉडेल आहे, मंगलोरची. का?”

सुचेता म्हणाली, “नाव बदलता येईल का?”

वाईट माणूस नव्हता राजस. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि विचारलं काय झालंय. एवढ्या चांगुलपणाने विचारल्यावर तिला खोटं बोलणं सोपं गेलं. ती म्हणाली, माझ्या ओळखीत या नावाची एक मुलगी आहे, तिला आवडणार नाही. “अगं, आवडेल तिला,” तो म्हणाला. “आणि आता नाव आपल्या हातात कुठे आहे? लोकांचं आहे ते. अकरा हजार लोक तिला ओळखतात. तू आणि मी मिळून इतके लोक ओळखत नाही.” ते खरं होतं. तिने मान हलवली, आणि मुलीचा फोटो गुंडाळून ठेवायला त्याला मदतही केली. होर्डिंग लागल्यावर ती बस एक थांबा आधी सोडायची आणि आतल्या गल्ल्यांतून, नारळवाल्याच्या बाजूने घरी जायची. तरी एकदा मान वळलीच. चाळीस फुटांवर तो चेहरा होता, अशूसारखा अजिबात नव्हता. अशू हडकुळी होती, ओठ निळसर, डोळे मोठे. त्या चेहऱ्यात तिचं काहीच नाही हे पाहून हायसं वाटायला हवं होतं. झालं उलटच. तिला वाटलं, हिनेच अशूला पुसून टाकलं. मग वाटलं, हिने नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी आई आली. वडील गेल्यावर ती निपाणीत एकटीच होती, डोळ्यांना दिसेना झालं होतं आणि मोतीबिंदू किती पिकलाय ते इथल्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. सुचेता स्टँडवर गेली तेव्हा आई बसमधून उतरून पिशव्या पायांशी घेऊन उभी होती, नेहमीपेक्षा लहान दिसत होती. “वाळलीस,” आई म्हणाली. आईचं ठरलेलं वाक्य. दवाखान्यात जाताना सुचेताने रिक्षावाल्याला जयनगरकडून न्यायला सांगितलं, लांब पडतं तरी. तपासणी झाली. डॉक्टरांनी बुबुळं मोठी करायचं औषध घातलं होतं, तीन-चार तास सगळं पांढरं नि धूसर दिसेल म्हणाले, उन्हाकडे बघू नका. आई पदर कपाळावर ओढून सुचेताचा हात धरून बाहेर आली. परतीच्या रिक्षात सुचेता कागद चाळत होती, ऑपरेशन जानेवारीत करायचं, त्याआधी साखर तपासायची. तिचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. मान वर केली तेव्हा रिक्षा सर्कलला सिग्नलला उभी होती.

“ई कडे याके बंद्री?” तिने विचारलं, इकडून का आलात.

“आ कडे रोड अगेदिद्दारे अक्का. स्वल्प लेट आगतित्तु,” रिक्षावाला म्हणाला. तिकडचा रस्ता खणलाय, तिकडून उशीर झाला असता.

आईने पदर मागे सारला होता. ती वर बघत होती. तिच्या डोळ्यांतली बुबुळं काळीभोर, पूर्ण उघडी होती, पापण्यांतून पाणी येत होतं. बोर्डावरची कन्नड अक्षरं पुरुषभर उंचीची होती. आई लहानपणी कन्नड शाळेत शिकलेली. तिने एकेक अक्षर जुळवलं, ओठ हलवत, आणि मग नाव घेतलं. आठ वर्षांनी. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले, तशी आई म्हणाली, “थांबव.”

“आई, डॉक्टरांनी ऊन—”

“थांबव म्हटलं की.”

दोघी उतरल्या. फुटपाथवर फुलवाल्या बायका बसलेल्या, त्यांच्या टोपल्यांमधून वाट काढत आई बोर्डाच्या खाली जाऊन उभी राहिली. डोळे पुसत होती आणि बघत होती. औषधामुळे तिला काय दिसत होतं कोण जाणे. पांढऱ्या उजेडात एक गोल चेहरा, काळे केस, काहीतरी हसरं. “अंगानं भरलीय,” आई म्हणाली. “बरं झालं.” सुचेताने आईचा दंड धरला. फुलवालीने विचारलं, हूवा बेका, फुलं हवीत का. आईने मोगरा घेतला, हातभर, आणि तो डोक्यात न घालता पिशवीत ठेवला.

दुपारी खोलीत पडदे ओढून आई कॉटवर पडली आणि सुचेताने तिला सगळं सांगितलं. नोकरी, पत्रं, नाव. सांगताना ती उभीच होती, भिंतीला टेकून. वर्गात धडा सांगावा तसं सांगितलं, एकामागून एक. आई डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून ऐकत होती. नाव माझ्या तोंडून निघालं, म्हणाली, मग परत घेता आलं नाही. आई म्हणाली, “हूं.” आणि मग, कुठून बळ आलं कळत नाही, सुचेताने होस्टेलचंही सांगितलं. सुनंदाचं नाव घेतलं. ती पत्रं माझी नव्हती, म्हणाली. एकही नाही, शेवटच्या वर्षातलं.

आईने रुमाल काढला नाही. “ठाऊक हाय,” ती म्हणाली.

बाहेर राजलक्ष्मीबाई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या की गॅस संपलाय.

“कुणी सांगितलं?” सुचेताने विचारलं.

“कोण सांगतंय. अशूनंच. दुसऱ्याच पत्राला म्हणाली, आई, हे अक्काचं न्हवं. अक्का माझी चेष्टा केल्याबिगर पान संपवत नाही, आणि हिनं एकदाबी केली नाही. ही कुणीतरी चांगली पोरगी हाय.” आईने ओठांवरून जीभ फिरवली. “मी म्हटलं, थांब, तुझ्या बाबांस्नी सांगून पत्र घालते धारवाडला, काय चाललंय म्हणून. तर हात धरला माझा. नको म्हणाली. अक्काला कळलं आपल्याला कळलंय, तर तेबी बंद करील. मग कुणाचंच पत्र यायचं नाही.”

आई एवढंच बोलली. दोष दिल्यासारखं काही तिच्या आवाजात नव्हतं, क्षमा केल्यासारखंही नव्हतं. घरातली एक जुनी गोष्ट, विचारली म्हणून सांगितली. थोड्या वेळाने तिला झोप लागली. सुचेता भिंतीला टेकून तशीच खाली बसली. म्हणजे त्या सुट्टीत मेसमधल्या पालीची गोष्ट सांग म्हणून अशू विचारत होती, तेव्हा तिला माहीत होतं. अक्का कशी सारवासारव करते ते खाटेवरून बघत होती, आणि मग स्वतःच विषय बदलून तिला सोडवत होती. आता एकेक प्रसंग उलटा होऊन समोर येऊ लागला. जाताना स्टँडवर सोडायला येता येत नाही म्हणून खिडकीतून हात हलवणारी अशू. ‘पत्र लिही हं अक्का,’ आणि त्यापाठोपाठचं ते हसू, जे सुचेताला तेव्हा भाबडं वाटलं होतं. इतकी वर्षं ती समजत होती की आपण एका आजारी मुलीला फसवलं. फसवणुकीत निदान फसवणाऱ्याची थोडी सत्ता असते. तीही नव्हती. एक पंधरा वर्षांची मुलगी तिला सांभाळून घेत होती, शेवटपर्यंत, आणि बदल्यात दुसऱ्याच कुणाची पत्रं पदरात पाडून घेत होती. पडद्याच्या फटीतून उन्हाची पट्टी आईच्या पायांवर आली, मग सरकली. सुचेताने उठून चहा केला नाही, दिवा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी आई आंघोळ करून, केस विंचरून तयार होऊन बसली आणि म्हणाली, “तुझं हाफिस दाखव.” डोळे आता नेहमीएवढे अंधुक झाले होते, म्हणजे तिच्या मते बरे. जे. पी. नगरच्या जिन्याला कठडा नव्हता, आईने भिंतीवर तळवा टेकत एकेक पायरी घेतली. शनिवारी राजस उशिरा येई, खोल्या रिकाम्या होत्या. सुचेताने मशीन चालू केलं. मोडेमने फोन लावला. घरघर सुरू झाली तशी आईने चटकन मान वळवून तिकडे पाहिलं, आणि पदराचं टोक मुठीत धरून तो आवाज संपेपर्यंत हलली नाही. शांत झाल्यावर दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

पत्रं उतरू लागली. एकामागून एक ओळ पडद्यावर येत होती. आई वाकून बघत म्हणाली, “हे समदे तिला लिहितात?”

“हो.”

“आणि तू उत्तर देतीस.”

“हो.”

“सगळ्यांस्नी?”

“सगळ्यांना. राजस म्हणतो, डिसेंबरपासून मशीनच उत्तर देईल, आपोआप. पत्र आलं रे आलं की लगेच.”

आईने सर्वांत वरच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे वाच.”

न्यू जर्सीहून कुणी शोभा राव होत्या. सुचेताने मराठीत करून सांगितलं. त्यांची आई मार्चमध्ये गेली. वडील दावणगेरेत एकटे असतात. दर रविवारी फोन करते, ते म्हणतात ‘सरी’, म्हणजे बरं, आणि खाली ठेवतात. कसे आहात, सरी. औषध घेतलंत का, सरी. काय पाठवू म्हणजे ते बोलतील, अश्लेषा?

आईने पडद्यावरचं बोट काढून घेतलं. “लिही,” ती म्हणाली.

“काय?”

“म्हणावं, काही पाठवू नका. आणि काही इचारू नका. इचारलं की माणूस मिटतंय. तुम्ही काय खाल्लं ते सांगा. बर्फ किती पडला, शेजारीण काय म्हणाली, मांजर असलं तर मांजराचं. फोन धरून असतील तोवर ऐकत्यात म्हणून समजा. ऐकत असतंय माणूस. ऐकायला कुणी नको म्हणत नाही.”

सुचेताने लिहिलं. इंग्रजीत ते जरा कोरडं होत होतं, तिने दोन शब्द बदलले, मग परत आईचेच ठेवले. कंपनीकडून काही पाठवा, अशी ओळ प्रत्येक पत्रात असायची, ती या पत्रात घातली नाही. शेवटी सहीची जागा आली. बोटं त्या जागी थांबली. तिने आईकडे पाहिलं. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण पत्राचा शेवट कुठे येतो हे कुणालाही कळतं.

“तिचंच घाल,” आई म्हणाली. “त्या बाईनं तिला इचारलंय.”

तिने नाव घातलं. आईने ते पडद्यावर बघितलं, त्या परक्या लिपीतलं, आणि विचारलं, “कुठलं दाबायचं?” सुचेताने तिचं बोट धरून माउसवर ठेवलं. आईने दाबलं, जोर लावून, जात्यात खुंटा ठोकावा तसं.

“गेलं?”

“गेलं.”

“आता?”

“आता त्यांचं उत्तर येईपर्यंत वाट बघायची.”

आईने राजसची खुर्ची ओढून घेतली, पदर सारखा केला, आणि हात मांडीवर ठेवून पडद्यासमोर बसली. सकाळचे साडेदहा वाजले होते. खाली करवत सुरू झाली होती. तिकडे आता रात्र आहे, माणसं झोपलेली असतील, हे सुचेताने तिला सांगितलं नाही.